ओळखीचा माणूस अनोळखी होतो तेव्हा : तीव्र मानसिक आजारांची लक्षणे
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या रहिवाशांना कर्जत लोकल नवीन नाही. बदलापूर मागे पडले की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी आणि मग कर्जत. या कर्जतला २००६ पासून ‘श्रद्धा पुनर्वसन केंद्र’ उभे आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने हे कार्य १९८८ साली मुंबईत सुरू केले. रस्त्यावर, फलाटावर, पुलाखाली भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचे, त्यांच्यावर उपचार करायचे, आणि त्यांना आपले नाव-गाव आठवू लागले की घरी नेऊन पोहोचवायचे, असे या संस्थेच्या कार्याचे स्वरूप आहे. २०१८ साली डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कार्याच्या आरंभीची एक घटना प्रसिद्ध आहे. वाटवानी दांपत्याला रस्त्याच्या कडेला एक कृश तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. त्याला आणून उपचार केल्यावर कळले की तो विज्ञानाचा पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचीही पदविका त्याच्याजवळ आहे. वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी होते. असा मुलगा गटारापर्यंत एका दिवसात पोहोचत नाही. घर सोडण्यापूर्वी असे रुग्ण बहुधा कित्येक महिने, कधी वर्षे, त्याच घरात, त्याच ताटावर जेवत असतात आणि त्यांचा आजार घरच्यांच्या डोळ्यांसमोर वाढत असतो. तो दिसत नाही असेही नाही. दिसतो, परंतु त्याला नाव दुसरेच दिले जाते. आळस, माज, हट्ट, प्रेमभंग, संगत, नजर, करणी आणि काही घरांत वैराग्यसुद्धा. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही चुकीची नावेच आहेत.

प्रथम शब्दाविषयी थोडे. इंग्रजीत ज्याला सायकोसिस म्हणतात त्याला मराठीत तीव्र मानसिक आजार किंवा चित्तविकृती म्हटले जाते. चिंता, उदासी, धास्ती हे त्रास कोणालाही होतात आणि ते होत असताना ‘मला त्रास होतो आहे’ हे त्या व्यक्तीला समजत असते. चित्तविकृतीत वास्तवाशी असलेला सांधाच निखळतो. जे नाही ते ऐकू येते, जे घडले नाही ते घडल्याची खात्री वाटते आणि आपण आजारी आहोत हे बहुधा पटत नाही. ताप आलेला मनुष्य स्वतः डॉक्टरकडे जातो. या आजारात ज्या अवयवाने आजार ओळखायचा तोच आजारी असतो, म्हणून ओळखण्याची जबाबदारी घरच्यांवर येते.

या गटातील सर्वांत परिचित आजार स्किझोफ्रेनिया अथवा छिन्नमनस्कता. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव दिले. ग्रीक शब्दांचा अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा होत असल्याने पुष्कळांची समजूत होते की या आजारात एका देहात दोन व्यक्ती वावरतात. चित्रपटांनी ती समजूत पक्की केली आहे. तसे काहीही नसते. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकींशी असलेली गाठ सैल होते, एवढाच त्या दुभंगाचा अर्थ. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार शंभरांतील सुमारे १.४ प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा या गटातील आजार होतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या लाखांत आहे. हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. जिन्यावरून रोज उतरणाऱ्यांत कोणी तरी असणारच.

आता एक कुटुंब कल्पनेत आणावे. बदलापूरला राहणारे, वडील सकाळच्या गाडीने मुंबईला कामाला जाणारे, आई घर सांभाळणारी, थोरली मुलगी सासरी आणि धाकटा मुलगा वीस वर्षांचा, महाविद्यालयात शिकणारा. पुरुषांत हा आजार साधारणतः अठरा ते पंचवीस या वयात प्रकट होतो, स्त्रियांत काहीसा उशिरा. मुलगा पहिल्या वर्षी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. दुसऱ्या वर्षी गाडी चुकू लागली. नंतर तो जाईनासाच झाला. रात्री जागा, दिवसा अंथरुणात. मित्र दोनदा येऊन परत गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही आईने ओरडल्यावर. वडील म्हणाले, मोबाइलने पोरगा वाया गेला. काका म्हणाले, कामाला लावा, सरळ होईल. पुढे तो खिडकीचा पडदा दिवसाही ओढून घेऊ लागला. समोरच्या इमारतीतील माणसे आपल्यावर लक्ष ठेवतात, असे म्हणू लागला. ताटातली भाजी हुंगून बाजूला सारू लागला. आईला वाटले, स्वयंपाक आवडत नाही. मग एके रात्री तो बंद दाराकडे तोंड करून मोठ्याने कोणाला तरी उत्तर देत होता, तेव्हा प्रथमच घराला भीती वाटली. पहिल्या चुकलेल्या गाडीपासून या रात्रीपर्यंत दीड वर्ष गेले होते.

हे कुटुंब काल्पनिक आहे, क्रम मात्र काल्पनिक नाही. झोप, अभ्यास, स्वच्छता आणि माणसांची ओढ यांत होणारी ही हळूहळू घसरण आजाराची पूर्वसूचना असू शकते. प्रत्येक उशिरा उठणारा तरुण आजारी नसतो, हेही तितकेच खरे. म्हणून एका गोष्टीवर निदान होत नाही. पूर्वी जसा होता त्याच्याशी तुलना करावी. मुळातच अबोल असलेला मुलगा अबोल राहिला तर त्यात नवल नाही. बडबड्या मुलगा सहा महिन्यांत अबोल झाला तर ती विचारात घेण्याची गोष्ट आहे.

लक्षणांपैकी सर्वांत ठळक म्हणजे भास. डोळ्यांना दिसणारे, नाकाला येणारे, त्वचेवर जाणवणारे भासही असतात, परंतु या आजारात कानांना होणारे भास अधिक. ते मनातल्या विचारासारखे पुसट नसतात. शेजारच्या खोलीतून कोणी बोलावे तसा स्पष्ट आवाज येतो. कधी तो नावे ठेवतो, कधी दोन आवाज आपसांत रुग्णाविषयी चर्चा करतात, कधी ‘आता हा उठला, आता पाणी पितो आहे’ असे धावते वर्णन चालते, आणि कधी हुकूम सुटतो. मेंदूच्या प्रतिमा घेतल्या असता असे आवाज ऐकू येत असताना भाषेशी संबंधित असलेले मेंदूचे भाग खरोखरच कार्यरत झालेले आढळले आहेत. तेव्हा रुग्ण ढोंग करीत नाही. ‘काही ऐकू येत नाही, उगाच नाटके करू नकोस’ असे त्याला सांगणे म्हणजे पावसात भिजलेल्यास ‘ऊन पडले आहे’ असे सांगण्यासारखे आहे.

भास होतात हे रुग्ण क्वचितच स्वतः सांगतो. ते बाहेरून ओळखावे लागते. बोलता बोलता मान एका बाजूला वळते, ओठ हलतात, कारण नसता हसू फुटते किंवा चेहरा कसनुसा होतो. कानांत कापसाचे बोळे दिसतात. काही जण रात्रभर मोठ्या आवाजात गाणी लावून ठेवतात, कारण त्याखाली आवाज दबतो, आणि घरचे समजतात की पोराला गाण्याचे वेड लागले. हुकूम देणारा आवाज सर्वांत धोक्याचा. ‘गच्चीवर जा’, ‘गाडीखाली जा’, ‘जेवू नकोस’ असे तो सांगत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठणे आवश्यक आहे. ‘तुला काही करायला सांगणारा आवाज येतो का?’ असे शांतपणे विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन कल्पना शिरत नाही. उलट कित्येक रुग्णांना कोणी तरी विचारले याचाच आधार वाटतो.

सगळेच भास आजाराचे नसतात. वडील गेल्यानंतर काही दिवस त्यांच्या खोकल्याचा आवाज आल्यासारखे वाटणे, झोप लागता लागता कोणी हाक मारल्यासारखे वाटणे, हे निरोगी माणसालाही होते आणि निघून जाते.

दुसरे लक्षण भ्रम. भ्रम म्हणजे केवळ चुकीची समजूत नव्हे. चुकीच्या समजुती सर्वांच्याच असतात आणि पुरावा दिसला की बहुतेक बदलतात. भ्रमाला पुरावा लागत नाही आणि पुराव्याने तो ढळत नाही. तो आपल्या काळातून व परिसरातून सामग्री उचलतो. पूर्वीच्या पिढीतील रुग्णांना रेडिओतून आपल्याविषयी बातम्या सांगितल्या जातात असे वाटे. आज मोबाइल, सीसीटीव्ही आणि उपग्रह आले आहेत. जेवणात विष घातले जाते, पत्नी अथवा पती परक्यात गुंतला आहे, दूरदर्शनवरील निवेदिका आपल्यालाच खूण करते, आपले विचार इतरांना ऐकू जातात, आपण कोणी अवतारी पुरुष आहोत, अशी त्याची कितीतरी रूपे आहेत.

भ्रम आणि अनुभव यांतील सीमारेषा नेहमीच सरळ नसते. उल्हासनगर हे १९४९ साली फाळणीतील सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले नगर. त्या पिढीतील एखादी आजी रात्री दाराची कडी पाच वेळा तपासून पाहत असे, पैसे चार ठिकाणी दडवून ठेवीत असे, तर त्याला भ्रम म्हणणे अन्यायाचे होते. जिचे घर एकदा सुटले, तिची ती आठवण होती. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाचा समज खरा की खोटा एवढेच पाहत नाही. तो त्या समजापर्यंत कसा पोहोचला हे पाहतो. नळाला पाणी कमी आले म्हणून वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. पाणी कमी आले म्हणून आपल्या मेंदूत यंत्र बसवल्याची खात्री पटणे, येथे दुवा निखळलेला असतो.

अशा वेळी घरच्यांनी काय बोलावे, हा व्यवहारातला खरा प्रश्न. वाद घालू नये, कारण वादात रुग्ण आपल्या भ्रमाला नवनवी कारणे शोधतो आणि तो अधिक घट्ट होतो. होकारही देऊ नये, कारण मग घरातील आणखी एक माणूस त्या भ्रमात सामील होतो. ‘तुला तसे वाटते हे समजते. तसे वाटत असेल तर भीती वाटणारच. झोपही होत नाही ना?’ असे म्हणून भीती व झोप या दोन धाग्यांना धरून डॉक्टरकडे नेता येते. ‘तुला वेड लागले आहे, चल दाखवू’ या वाक्याने आजवर फारसे कोणी दवाखान्यात आल्याचे ऐकिवात नाही.

तिसरे लक्षण विचारांच्या विस्कळीतपणाचे. बोलणे रुळावरून उतरते. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही, प्रश्न एक आणि उत्तर तिसरेच. लिहिलेली वही पाहिली तर अक्षर तेच असते, मजकूर मात्र कोणालाच लागत नाही. कधी मनुष्य तासन्‌तास एकाच स्थितीत उभा राहतो. हे दिसल्यावर मात्र घरचे सहसा थांबत नाहीत.

ज्यासाठी घरचे सर्वाधिक थांबतात ते लक्षण निराळेच आहे, आणि त्यावर थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. आरडाओरड करणाऱ्या रुग्णाला चार माणसे धरून का होईना, डॉक्टरकडे नेतात. जो कोपऱ्यात गप्प बसतो त्याला कोणी नेत नाही. त्याचा कोणाला उपद्रव नसतो. बोलणे दोन शब्दांवर येते, चेहऱ्यावरील भाव ओसरतात, आवाजातील चढउतार जातात, कशाचीच इच्छा उरत नाही, आनंद वाटत नाही आणि माणसांची गरज भासत नाही. वैद्यकशास्त्र यांना अभावाची लक्षणे म्हणते, कारण येथे काही नवीन येत नाही. जे होते ते निघून जाते. भास-भ्रम औषधाने बऱ्यापैकी ओसरतात. ही लक्षणे चिवट असतात आणि माणसाचे शिक्षण, नोकरी, संसार बहुधा हीच गिळतात.

धर्मपरायण घरांत या लक्षणाला एक सन्मानाचे नाव मिळण्याची शक्यता असते. मुलगा बोलेनासा झाला, खाण्यापिण्याची आसक्ती राहिली नाही, मित्र सुटले, नटणे-सजणे सुटले, तर ‘मन संसारातून उठले’ असे म्हटले जाते. आई-वडिलांना त्यात समाधानही वाटते. ते दोषास्पद नाही, परंतु फरक पाहता येतो. विरक्तीकडे वळलेले मन एखाद्या गोष्टीकडे वळलेले असते. स्वाध्याय वाढतो, नित्यक्रम अधिक काटेकोर होतो, बोलणे कमी झाले तरी जे बोलले जाते ते स्पष्ट असते, आपला निर्णय समजावून सांगता येतो आणि घरातील आजाऱ्याची विचारपूस थांबत नाही. आजारात मन कशाकडेच वळलेले नसते. ग्रंथ समोर उघडा असतो आणि दोन तासांनी पान तेच असते. माळ हातात राहते, जप राहत नाही. नियम वाढण्याऐवजी दात घासण्यासारखे साधे नियमही सुटतात. आणि ‘अन्न सोडले आहेस ते का?’ असे विचारल्यावर ‘मला तसे सांगण्यात आले आहे’ असे उत्तर मिळाले, तर कोणी सांगितले हे अवश्य विचारावे. सांगणारा दिसत नसेल तर तो उपवास नव्हे, लक्षण होय. विरक्ती खरी असेल तर एका वैद्यकीय तपासणीने तिचे काही बिघडत नाही.

स्किझोफ्रेनियाखेरीज अन्य आजारांतही हीच लक्षणे दिसतात. बायपोलर विकारातील उन्मादाच्या अवस्थेत मनुष्य तीन-चार तास झोपून ताजातवाना असतो, बोलण्याला खळ नसतो, आणि कापडाचा छोटा व्यापारी एका दिवसात वर्षभराचा माल उधारीवर उचलतो. दुकानातील मंडळी काही दिवस कौतुकच करतात की शेठ हल्ली फार जोमात आहेत. नंतर हिशेब समोर येतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हजारातील एक-दोन मातांना तीव्र चित्तविकृती होते. झोप उडणे, गोंधळ, हे बाळ आपले नाही असे वाटणे किंवा बाळाविषयी विचित्र भीती बोलून दाखवणे ही तिची चिन्हे आहेत. येथे एक दिवसही थांबू नये आणि माता-बालकास एकटे ठेवू नये. वृद्धांत एकाएकी भास व गोंधळ सुरू झाला तर तो मनोविकार समजण्यापूर्वी ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम आणि चालू असलेली औषधे तपासावीत. दारू अचानक सोडल्यावरही भयंकर भास होतात आणि ती स्थिती जिवावर बेतू शकते. गांजाचे व्यसन किशोरवयात जडल्यास चित्तविकृतीचा धोका वाढतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे.

पहिले लक्षण दिसल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत जो काळ जातो, तो जितका लांबतो तितके पुढील बरे होणे अवघड होत जाते. हा काळ आपल्याकडे कोठे खर्च होतो हे सर्वांना ठाऊक आहे. एक मांत्रिक, मग दुसरा, गंडेदोरे, कोठे तरी नेऊन ठेवणे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण होरपळून मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. देवदर्शनाला कोणाचाच विरोध असू नये. रुग्णाला व घरच्यांना त्यातून बळ मिळते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, उपाशी ठेवणे हे मात्र महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानेही मनोरुग्णास कोणत्याही स्वरूपात साखळदंड घालण्यास मनाई केली असून, भटकताना आढळलेल्या रुग्णास संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत नेण्याचे कर्तव्य पोलिसांवर सोपवले आहे. अशा रुग्णाला कोठडीत टाकता येत नाही. फलाटावर असा कोणी दिसल्यास हे सांगण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशाला आहे.

दुसरा काळ ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ या सल्ल्यात जातो. विवाह म्हणजे नवे घर, नवी माणसे, अपुरी झोप आणि जबाबदारी. नाजूक मनाला हे सारे ताणच आहेत. आजार लपवला की गोळ्याही लपवाव्या लागतात, त्या चुकतात, आणि काही महिन्यांत आजार उलटतो. दोष येतो तो सुनेच्या पायगुणावर किंवा सासरच्या छळावर. असा विवाह फसवणूक म्हणून न्यायालयात आव्हानित होऊ शकतो, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही ध्यानात असावे. आजार आटोक्यात असलेली, नियमित औषध घेणारी माणसे उत्तम संसार करतात. मात्र तेथे दोन्ही घरांना सारे माहीत असते.

उपचारांचा इतिहास फार जुना नाही. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीनचा उपयोग सुरू झाला आणि प्रथमच भास औषधाने ओसरले. त्याआधी १९३१ साली भारतात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग रक्तदाब आणि उन्माद यांवर होतो हे आधुनिक पद्धतीने मांडले होते. तिच्यातून निघालेले रेसर्पिन काही वर्षे जगभर वापरले गेले. आजची औषधे मुख्यतः मेंदूतील डोपामाइन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करतात. झोप काही दिवसांत सुधारते, भास-भ्रम ओसरण्यास मात्र काही आठवडे लागतात. हात थरथरणे, अंग जखडणे, वजन व साखर वाढणे हे दुष्परिणाम होतात. त्यांबद्दल डॉक्टरांना सांगितले तर मात्रा वा औषध बदलता येते. गोळी रोज घेणे जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही आहेत. बरे वाटले म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. पहिल्याच झटक्यातून सावरल्यावरही निदान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते आणि ते केव्हा कमी करायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

या सभागृहातील श्रोत्यांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. पर्युषणात पुष्कळ जण उपवास करतात आणि वर्षभर चौविहार पाळणारीही घरे आहेत. सूर्यास्तानंतर गोळी घ्यायची नसेल तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. बहुतेक औषधांची वेळ बदलता येते, काही मात्र जेवणासोबतच घ्यावी लागतात. बायपोलर विकारावर लिथियम चालू असेल तर निर्जळी उपवास धोकादायक आहे. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते आणि उलट्या, जुलाब, हातांची जोराची थरथर, झोक जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. अशा रुग्णाने तपाचे दुसरे कोणते रूप स्वीकारावे हे गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांना विचारून ठरवावे. डॉक्टरांना न विचारता गोळी आठ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय घरात कोणीही घेऊ नये.

घराच्या वागण्याचा आजारावर परिणाम होतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांच्या संशोधनातून दिसून आले. ज्या घरांत टोचून बोलणे, राग आणि अतिकाळजी जास्त, तेथे आजार अधिक वेळा उलटला. यावरून घरच्यांना अपराधी ठरवू नये. तेही थकलेले असतात. पुणे आणि ठाणे येथील स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकाला ‘शुभंकर’ असे सुंदर शब्द रूढ झाले आहेत. पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केली. ते कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. घरातील दुःख लपवण्याची रीत असताना त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. अतुल कुलकर्णी यांनी त्यात साकारलेला शेष अनेक मराठी घरांनी पाहिला आणि ‘आमच्याकडे असेच आहे’ हे वाक्य प्रथमच उच्चारले.

उपचार दूर नाहीत. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि कल्याणमार्गे तेथे लोकलने तासाभरात पोहोचता येते. ‘ठाण्याला नेणे’ हा वाक्प्रचार चेष्टेचा झाल्यामुळे मात्र ते अंतर फार वाढले. बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा, हुकूम देणारे आवाज, अन्नपाणी पूर्ण बंद अथवा कोणावर धावून जाणे यांपैकी काही असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावे.

इतर वेळी डॉक्टरांकडे जाताना एक वही सोबत न्यावी. पहिल्या भेटीत रुग्ण बहुधा ‘मला काही झालेले नाही’ एवढेच सांगतो आणि नातेवाईक एकाच वेळी चौघे बोलतात. त्या वहीत तारीख घालून साध्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. किती तास झोपला, काय जेवला, अंघोळ केव्हा केली, घराबाहेर केव्हा पडला, कोणते वाक्य विचित्र वाटले ते त्याच्याच शब्दांत, आणि पूर्वी कसा होता. निदान डॉक्टर करतील. बदलापूरच्या त्या काल्पनिक घरात दुधाच्या हिशेबाची वही होतीच. तिच्या मागच्या पानांवर पहिल्या चुकलेल्या गाडीची तारीख लिहिलेली असती, तर दीड वर्षाचे कदाचित दोन महिने झाले असते.